बोलापासून वाचनाकडे : बालकाच्या भाषेची पहिली आठ वर्षे

मुदखेड आणि मुखेड ही नांदेड जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे. दोन्ही नावांत फरक आहे तो केवळ एका 'द'चा. परंतु हा एवढासा ध्वनी कानांनी टिपला नाही, तर प्रवासी भलत्याच गावी उतरेल आणि टपाल भलत्याच पत्त्यावर जाईल. मोठ्या माणसाला हा फरक ऐकण्यासाठी कोणताही प्रयत्न करावा लागत नाही. ही तयारी मात्र त्याला जन्मतः मिळालेली नसते. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, घराच्या ओसरीवर, आईच्या मांडीवर आणि भावंडांच्या कलकलाटात ती कमावलेली असते. शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच बालकाने भाषेचे निम्मेअधिक काम उरकलेले असते.

ही गोष्ट शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी ध्यानात घेण्याचे कारण तातडीचे आहे. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने 'निपुण भारत' अभियान सुरू केले आणि इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे ध्येय त्यात ठेवले. यामागील विचार सरळ आहे. पहिली तीन वर्षे मूल वाचायला शिकते. त्यानंतर ते वाचून शिकू लागते. ज्याला तिसरीपर्यंत वाचन साधले नाही, त्याला परिसर अभ्यासाचा धडाही कळत नाही आणि गणितातील शाब्दिक उदाहरणही. असे मूल वर्गात बसलेले असते, हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण शिक्षण त्याच्या बाजूने निघून जाते. वाचनाचा पाया कोठे आणि केव्हा घातला जातो, हे म्हणूनच नीट समजून घेतले पाहिजे.

कान आधी, जीभ नंतर

गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत बालकाला ऐकू येऊ लागते. जन्मल्यावर काही दिवसांतच ते आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजापासून वेगळा ओळखते. एक ते चार महिन्यांची अर्भके 'ब' आणि 'प' यांसारखे जवळचे ध्वनी वेगळे ओळखतात, हे १९७१ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांतून दिसून आले.

याहून महत्त्वाचा प्रयोग कॅनडातील व्हँकूव्हर येथे झाला आणि त्यात आपल्या ओळखीचेच ध्वनी वापरले होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकवण्यात आले. इंग्रजीत हा भेद नाही आणि इंग्रजीभाषक प्रौढांना तो सहसा ऐकूही येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांनी मात्र तो सहज ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. ज्यांच्या घरी हिंदी बोलली जात होती, त्या बाळांची ही शक्ती त्याच वयात टिकून होती.

याचा अर्थ असा, की बालक जन्मतः जगातील पुष्कळशा भाषांचे ध्वनी ओळखण्यास सिद्ध असते. वर्षभरात ते आपल्या भोवतीच्या भाषेत कोणते भेद अर्थाचे आहेत, हे हेरते आणि त्यांवर कान स्थिर करते. मराठी घरातील बाळ 'ताक' आणि 'टाक', 'गार' आणि 'घार', 'मन' आणि 'मण', 'पाल' आणि 'पाळ' हे भेद पक्के करते. हे शिक्षण कोणी ठरवून देत नाही. ते बोलण्यातून होते. जेथे बाळाशी बोलणेच थोडे, तेथे त्याच्या कानाला मिळणारी सामग्रीही थोडी.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. बाळाच्या हाती मोबाइल दिला की त्यातील गाणी आणि गोष्टी ऐकून ते भाषा शिकेल, असा समज आता खेड्यांतही पसरला आहे. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला प्रयोग या समजाला छेद देतो. सुमारे पंचवीस मिनिटांच्या बारा बैठकांत चिनी भाषा बोलणारी व्यक्ती ज्या बाळांशी प्रत्यक्ष खेळली आणि बोलली, त्यांनी त्या भाषेतील अपरिचित ध्वनी आत्मसात केले. तेच बोलणे पडद्यावरून किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकलेल्या बाळांवर काहीही परिणाम झाला नाही. भाषेला समोर माणूस लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही एक वर्षाखालील बालकाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या बालकाला दिवसातून एका तासापेक्षा अधिक बसवू नये, असे सांगितले आहे.

ध्वनीतून शब्द, शब्दांतून वाक्य

सहाव्या महिन्याच्या आसपास 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड सुरू होते. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान 'आई पाणी', 'बाबा गेले' अशी दोन शब्दांची वाक्ये ऐकू येतात. तीन वर्षांचे मूल गोष्ट सांगू पाहते आणि त्याचे बरेचसे बोलणे परक्यालाही कळते. प्रत्येक मुलात काही महिन्यांचे अंतर राहते, पण क्रम बहुधा हाच असतो.

बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द सुटे सुटे पडत नाहीत. ते पाण्याच्या धारेसारखे सलग येतात. त्यातून शब्द कोठे संपला हे बालकाला कसे कळते? १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांचा सलग प्रवाह केवळ दोन मिनिटे ऐकवला. कोणती अक्षरे वारंवार एकत्र येतात, हे बाळांनी तेवढ्यात टिपले होते. ओव्या, अंगाईगीते आणि बडबडगीते यांतील पुनरुक्तीचे मोल यावरून कळते. तेच शब्द, तीच लय, तोच ठेका पुन्हापुन्हा कानी पडल्याने शब्दांच्या सीमा बालकाला सापडू लागतात.

पुढे मूल नियम शोधू लागते. 'उंदीर मरला', 'मी काम करलं' असे एखादे चिमुरडे म्हणते तेव्हा घरचे हसतात. वास्तविक ती बुद्धीची खूण आहे. 'पडला', 'बसला', 'हसला' या रूपांवरून त्याने भूतकाळाचा नियम स्वतः बांधला आणि तो 'मर' व 'कर' यांना लावला. 'मरला' हे रूप त्याने बहुधा कोणाकडून ऐकलेले नसते. मूल केवळ अनुकरणाने भाषा शिकत नाही, याचा हा घरोघरी मिळणारा पुरावा आहे. अशा वेळी चूक काढण्यापेक्षा 'हो, उंदीर मेला, नाही का?' असे योग्य रूपासह उत्तर द्यावे. काही काळाने मूल आपोआप मार्गावर येते.

बोबडे बोल आणि खरी अडचण

'काका'ऐवजी 'ताता', 'गाडी'ऐवजी 'दाडी', 'राजा'ऐवजी 'लाजा' असे उच्चार लहान वयात स्वाभाविक आहेत. जिभेचा मागचा भाग उचलून काढावयाचे क, ग आणि जीभ कंपित करून किंवा मुरडून काढावयाचे र, ळ हे ध्वनी उशिरा साधतात. 'र' व 'ळ' स्वच्छ होण्यास पाच-सहा वर्षेही लागू शकतात. कौतुकाने मुलाशी सतत बोबडे बोलणे किंवा त्याला चारचौघांत पुन्हापुन्हा उच्चार करावयास लावणे, दोन्ही टाळावे.

मात्र काही लक्षणांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मोठ्या आवाजाने बाळ दचकत नाही, सहा महिन्यांनंतरही आवाजाच्या दिशेने मान वळवत नाही, वर्ष होत आले तरी व्यंजनांची बडबड करत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही, अशा मुलाची श्रवण तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, त्यामुळे घरच्यांची समजूत चुकते. वारंवार कान फुटणे व वाहणे यानेही ऐकण्यात खंड पडतो आणि त्याचा परिणाम पुढे बोलण्यावर व वाचनावर होतो.

'याचे वडीलही उशिराच बोलले' असे म्हणून वाट पाहणे, वेखंड उगाळून चाटवणे, नवस बोलणे यांत मोलाचे महिने निघून जातात. बालकाची श्रवण चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराचा प्रारंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, हे वैद्यकीय सूत्र जगभर मान्य झाले आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. सेविका, आशा कार्यकर्ती आणि शिक्षक यांनी वेळीच बोट दाखवले, तर मूल योग्य ठिकाणी पोहोचू शकते.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे. नांदेडहून येणारा मार्ग येथे दुभंगतो. एक फाटा उमरी, धर्माबाद, बासरवरून निजामाबादकडे जातो. दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादकडे. भाषांचेही या भागात असेच जंक्शन आहे. जिल्ह्याची सीमा तेलंगणाला आणि कर्नाटकाला भिडलेली आहे. मराठीबरोबर येथे उर्दू, तेलुगू आणि तांड्यांवरील बंजारा बोली ऐकू येतात. किनवट-माहूरकडे गेल्यास गोंडी व कोलामी भेटतात. ज्यांच्या घरी मराठीच आहे, त्यांची मराठीही पुस्तकी नसते. 'काय करतो आहेस?' याऐवजी 'काय करलालास?' हे येथील मुलाच्या कानात बसलेले असते आणि 'पाणी' अनेक घरांत 'पानी' असते.

असे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यापुढे एकाच वेळी दोन कामे असतात. अपरिचित अक्षरे ओळखायची आणि अपरिचित भाषा समजून घ्यायची. उर्दू बोलणाऱ्या घरातील मुलाला 'ण' व 'ळ' हे ध्वनी नवे असतात, कारण उर्दूत ते नाहीत. मराठीत 'तो रस्ता', 'ती वाट' आणि 'ते घर' अशी तीन लिंगे आहेत. उर्दूत दोनच आणि तेलुगूत लिंगाची व्यवस्थाच निराळी. 'ती घर' असे म्हणणारे मूल मंद नसते. ते आपल्या घरच्या व्याकरणाच्या आधाराने नवे व्याकरण उभारत असते. लहानपणी दोन भाषा कानी पडल्याने मूल गोंधळते व बोलण्यात मागे पडते, ही समजूतही शास्त्राला मान्य नाही.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, या अवस्थेत मराठवाड्याच्या अनेक पिढ्या शिकल्या आणि अनेकांचे शिक्षण त्यामुळेच अर्ध्यावर राहिले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटत गेले. ज्या प्रदेशाने परक्या माध्यमाचा जाच सोसला, त्या प्रदेशातील शाळेने तांड्यावरून येणाऱ्या मुलाची अडचण सर्वांत आधी ओळखावी, ही अपेक्षा वावगी ठरू नये.

कायद्याचाही हाच रोख आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, शक्य असेल तेथवर, मुलाची मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हणतो. प्रत्येक बोलीसाठी स्वतंत्र शाळा काढणे शक्य नसले, तरी वर्गात त्या बोलीला जागा देणे कोणत्याही शिक्षकाला शक्य आहे. मुलाने आपल्या बोलीत सांगितलेले आधी ऐकून घ्यावे, अर्थ मान्य करावा आणि तेच प्रमाण मराठीत सहजपणे पुन्हा म्हणावे. 'असे बोलू नकोस' हे ऐकलेले मूल पुष्कळदा बोलणेच सोडते, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणे फार अवघड जाते.

अक्षराची वाट

मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या मार्गावर गोदावरीकाठी बासर हे सरस्वतीचे क्षेत्र आहे. तेथे बालकांचा अक्षराभ्यास विधी करण्यासाठी तेलंगणातून तसेच महाराष्ट्रातूनही कुटुंबे येतात. हात धरून पहिले अक्षर गिरवण्याचा तो सोहळा मंगल आहेच. परंतु त्या क्षणापूर्वी मुलाला एक गोष्ट उमगलेली असावी लागते. ती म्हणजे, बोललेला शब्द लहान ध्वनींचा बनलेला असतो आणि अक्षर हे त्या ध्वनीचे चिन्ह असते.

ही जाण खेळातून येते. 'मुदखेड' म्हणताना किती टाळ्या पडतात? 'मुदखेड', 'मुगट', 'मुखेड' या गावांच्या नावांत आरंभी कोणता सारखा ध्वनी येतो? 'बारड'मधला 'बा' काढला तर काय उरते? अशा प्रश्नांना पाटी-पुस्तक लागत नाही. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली इंग्लंडमध्ये केलेल्या अभ्यासात यमक व सारखे ध्वनी ओळखणारी मुले पुढे वाचनात सरस ठरली. ज्यांना हे खेळ शिकवले आणि त्याबरोबर अक्षरेही दिली, त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. आपली कोडी, उखाणे आणि यमकांची गाणी हे या दृष्टीने घरातले पाठ्यसाहित्यच आहे.

देवनागरी लिपी उच्चारानुसारी असल्याने ती शिकणे सोपे, असे आपण मानतो. ते अंशतः खरे आहे. इंग्रजीची सव्वीस चिन्हे लवकर पाठ होतात, पण त्यांचे उच्चार बेभरवशाचे. मराठीत उच्चार बराचसा निश्चित आहे, पण चिन्हांचा पसारा मोठा. चौतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तरी संख्या चारशेच्या वर जाते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान मिळाल्याने बाराखडीची चौदाखडी झाली आहे. शिवाय जोडाक्षरे वेगळीच. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी, पण उच्चारली जाते नंतर. 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांच्या आकृती लहान डोळ्याला सारख्या भासतात. 'र' तर 'क्रम', 'अर्क' आणि 'ट्रक' या तीन शब्दांत तीन वेगळी रूपे घेतो. म्हणून मराठी मुलाला संपूर्ण लिपी अंगवळणी पडण्यास तीन-चार वर्षे लागली, तर त्यात नवल नाही आणि त्याला कमी लेखण्याचेही कारण नाही.

यातून मार्ग असा, की सारी मुळाक्षरे आणि सारी बाराखडी संपेपर्यंत वाचन थांबवून ठेवू नये. क, म, ल ही तीन अक्षरे आणि काना एवढे शिकवले, की 'काम', 'माल', 'लाल', 'काल', 'कमल', 'काका', 'मामा' हे शब्द मूल त्याच आठवड्यात वाचू शकते. वाचून अर्थ कळतो हा आनंद त्याला पहिल्याच पायरीवर मिळतो आणि पुढील अक्षरे शिकण्याची ओढ लागते.

महाराष्ट्रातील परंपरा

या विचाराला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा चालवल्या. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि मुलांच्या ओठांवरची गाणी हे त्यांचे साहित्य होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव भारतभर पोहोचले.

सातारा जिल्ह्यातील फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारे मराठी वाचन शिकवण्याची पद्धत घडवली. वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट घ्यावेत आणि लगेच अर्थपूर्ण मजकूर वाचावा, हे तिचे सूत्र. २०११ ते २०१६ या काळात आज पालघर जिल्ह्यात असलेल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीर येथे प्रारंभिक साक्षरतेचा दीर्घ अभ्यास झाला. वर्गांतील बहुतेक वेळ अक्षरे व बाराखडी घोकण्यात जातो, गोष्ट ऐकणे, तिच्यावर बोलणे आणि स्वतःच्या मनातले लिहिणे यांना फारच थोडा अवसर मिळतो, हे त्यातून पुढे आले.

गावाने काय करावे

या साऱ्यातून गावाच्या हाती असलेली कामे स्पष्ट होतात. सेविकेने दररोज निदान एक गोष्ट सांगावी आणि सांगताना थांबून मुलांना बोलते करावे. शिक्षकांनी पहिलीच्या आरंभीचे काही आठवडे संभाषण, गाणी व ध्वनींचे खेळ यांसाठी राखावेत, आणि वर्गात कोणकोणत्या बोली बोलल्या जातात याची नोंद करून ठेवावी. तांड्यावरील वा तेलुगूभाषक कुटुंबातील एखादी आई-आजी आठवड्यातून एकदा शाळेत येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगू शकते. शाळा व्यवस्थापन समितीने मूल किती पाने लिहिते यापेक्षा ते काय समजून वाचते, हे विचारावे.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी राखावयाच्या १० टक्के रकमेपैकी काही भाग अंगणवाडीसाठी मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तके घेण्यावर खर्च करावा आणि ती कपाटात बंद न ठेवता मुलांच्या हाती पडतील याकडे लक्ष द्यावे. आरोग्य तपासणीचे पथक गावात येते त्या दिवशी प्रत्येक वस्तीवरील बालक हजर राहील, ही जबाबदारी सदस्यांनी वाटून घ्यावी. मातापित्यांना सांगण्यासारखी गोष्ट तर बिनखर्चाची आहे. शेतात जाताना, भाकरी थापताना, बाजारहाट करताना मुलाशी बोलत राहावे, त्याला प्रश्न विचारावेत आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. आई-वडील निरक्षर असले तरी या कामात ते तसूभरही कमी पडत नाहीत.

तिसरीतील मूल पुस्तक उघडून अडखळत का होईना, पण समजून वाचते, तेव्हा त्यामागे आठ वर्षांचे अनेकांचे बोलणे उभे असते. घर, अंगणवाडी, शाळा आणि पंचायत यांपैकी कोणत्याही एकाने हे काम दुसऱ्यावर सोपवले, तर त्याची किंमत त्या मुलाला पुढे आयुष्यभर मोजावी लागते.